सरजाबाईंच्या दालमिलचं बटण

१६ सप्टेंबर, सोमवार

घे! मागितली होतीस ना जबाबदारी? मिळाली!

वैजनाथ सरांनी सकाळी सकाळीच टेबलाशी बोलावलं. "पंचफुला मॅडम, उदगीरच्या दालमिलचं काम तुमच्याकडं. दसऱ्याच्या आत पायजे." मी लगेच हाव म्हणून मोकळी. काम काय आहे ते नंतर विचारलं!

काम असं. मिलमध्ये पोती मोजायचे दोन काटे आहेत – एक जुना, एक नवा. काट्यावरचं वजन वाचून कॉम्प्युटरला सांगणारा एक बारका जुनाट प्रोग्राम आहे. कुणी लिहिला कुणास ठाऊक, त्याला हात लावायची सोय नाही. तो सुरू होताना एकच गोष्ट बघतो – विंडोजमध्ये 'काटा' नावापुढं काय लिहिलंय, जुना की नवा. असल्या नावांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. काटा बदलला की लातूरहून आमचा माणूस उदगीरला जातो, विंडोजच्या पोटात शिरून तेवढा शब्द बदलतो, सगळं बंद करून चालू करतो, चहा पितो अन् परत येतो. मिलच्या मालकीणबाई सरजाबाई याला वैतागल्यात. त्यांना आमच्या जावाच्या – म्हणजे जावा भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामच्या – स्क्रीनवर एक बटण पायजे. दाबलं की काटा बदलला पाहिजे. बस्स.

आणि १५ ऑक्टोबरला माझे तीन महिने भरतात. कायम करायचं का नारळ द्यायचा ते सर त्या दिवशी सांगणार. सेहेचाळीस वर्षांची बाई मी. अहमदपूरच्या क्लासमध्ये एकोणीस वर्षं पोरांना टायपिंग शिकवलं, क्लास बंद पडला, आता एकोणतीस वर्षांच्या साहेबाच्या हाताखाली जावा लिहून राहिले. कायम व्हायचंय मला. इथं लिहायला कशाची लाज – लई व्हायचंय!

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन करून आले अन् दुपारभर झोपले. जावाचं नावसुद्धा काढलं नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

वाचायचं काम झालं! एक ओळ! 'सिस्टिम डॉट गेटएन्व्ह' लिहायचं, कंसात 'काटा' टाकायचं, की समोर 'जुना' असं उत्तर हजर. कंसात काहीच टाकलं नाही तर सगळीच यादी मिळते – माझं नाव, फोल्डरांचे पत्ते, मशीनचं नाव, काय काय. कुणाच्या तरी घरात शिरून फडताळ उघडल्यावाणी वाटलं. दोनदा यादी काढून बघितली, उगंच.

घरी येऊन नागसेनला सांगितलं. हे पोस्टात आहेत, कागद हातात असल्याशिवाय यांचा कशावर विश्वास नाही. म्हणतात, "एका ओळीचं काम? मग पगार कशाचा देतात तुला?"

बोला बोला. बटण झाल्यावर विचारते!

२० सप्टेंबर, शुक्रवार

वाचता येतं. लिहिता येत नाही!

तीच यादी घेतली, 'काटा' पुढं 'नवा' टाकायला गेले, तर लाल अक्षरांत फटकारलं – हे चालणार नाही. यादी नुसती बघायला आहे, हात लावायला नाही. मग 'सेटएन्व्ह' शोधलं. गेटएन्व्ह आहे म्हणजे सेटएन्व्ह असणारच की! नाही. जावात असली गोष्टच नाही. दुपारी 'सेटप्रॉपर्टी' सापडलं. टाकलं, चाललं, खुर्चीतून उठून पाण्याचा ग्लास भरून आणला आनंदानं. परत वाचून बघते तर 'काटा' पुढं 'जुना'च! ही प्रॉपर्टी म्हणजे जावाची स्वतःची खाजगी वही. तिच्यात काहीबी लिहा, बाहेरच्या त्या जुनाट प्रोग्रामला पत्ता नाही.

संध्याकाळी रेणुकाला फोन लावला. पोरगी नांदेडला हॉस्टेलवर, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, तेही कॉम्प्युटर. घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचं? तर बाईसाहेब म्हणतात, "आई, आधी तू मला नीट समजावून सांग. एकेक करून." सांगितलं. अर्धा तास! वर मलाच प्रश्न – गेटएन्व्हनं नेमकं काय मिळतं, प्रॉपर्टी वेगळी कशी. अगं, मी विचारून राहिले का तू? शेवटी म्हणाली, "उद्या सांगते."

आत्ता का नाही म्हणलं, तर मेसची वेळ झाली म्हणे.

२१ सप्टेंबर, शनिवार

सकाळी सातला फोन. रेणुका कधी सातला उठती? म्हणाली, "आई, लिहून घे. प्रोग्राम सुरू होतो तेव्हाच त्याला ही सगळी नावं मिळतात, ज्यानं सुरू केलं त्याच्याकडून. पण ती नक्कल असते. नंतर इकडं बदललं तरी तिकडं कळत नाही, अन् तिकडून इकडं तर काहीच येत नाही."

भाकरी थापता थापता डोक्यात उजेड पडला. शिदोरी! पोरगं गावाला निघालं की आई बांधून देते. गाडी सुटल्यावर घरी खीर केली काय अन् पुरणपोळी केली काय, त्याच्या फडक्यात जे आहे तेच आहे. रेणुकाला तसं सांगितलं तर म्हणाली, "थांब, हे मी लिहून घेते." काय लिहून घेती, मीच लिहून घ्यायला बसले होते!

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज अक्कल चालवली. जावाला सेट करता येत नाही ना? मग जावातून विंडोजची ती हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडायची अन् तिला हुकूम द्यायचा – काटा बरोबर नवा. खिडकी उघडली, हुकूम पाळला, बंद झाली. इकडं वाचलं – जुना. खिडकीनं आपल्या फडक्यात खीर घातली अन् स्वतःच खाऊन मरून गेली!

मग चिडून थेट विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन माझ्या लॅपटॉपवर 'काटा' पुढं कायमचं 'नवा' लिहून टाकलं. लॅपटॉप बंद-चालू केल्यावर दिसायला लागलं. पण बटण कुठं झालं? हे तर आमचा माणूस उदगीरला जाऊन करतच होता.

वैजनाथ सर मागं उभे होते. हसून हसून बेजार. "काकू, तुम्ही तर –" मग एकदम, "सॉरी, मॅडम."

काकू म्हणा नाहीतर मावशी म्हणा बाबा, पण कायम करा.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

इंटरनेटवर एक चोरवाट सापडली. जावाच्या आतल्या कुलूपबंद यादीला मागच्या दारानं जाऊन हात लावायचा. लिहिली. जावाच्या नव्या आवृत्तीनं दारातूनच हाकललं. सरांना दाखवलं तर म्हणाले, "शिरूर अनंतपाळच्या माणसाचं ऐका मॅडम. जी वाट उद्या बंद होणार तिच्यावर घर बांधू नये." स्वतःच्या गावाचं नाव घेतल्याशिवाय यांचं एक वाक्य पुरं होत नाही. पण खरं बोलले.

३० सप्टेंबर, सोमवार

आज काहीच झालं नाही. सरांनी विचारलं, "झालं का?" मी म्हणलं, "होऊन राहिलंय." खोटं. पंधरा दिवस उरले.

बसमध्ये शेजारची बाई विचारत होती, कुठं नोकरीला? 'कॉम्प्युटरमध्ये' म्हणताना जीभ अडखळली. घरी येऊन रेणुकाला फोनवर म्हणलं, जाऊ दे मरू दे, माझ्यानं नाही होत, वय झालं. तर पोरगी एकदम ओरडली. "आई, तू सोडायचं नाहीस! तू सोडलंस तर मग मी –" अन् फोन ठेवला. नंतर लावला तर उचलला नाही.

मी सोडलं तर हिचं काय अडतंय? तरीपण बरं वाटलं. कुणीतरी ओरडलं की बरं वाटतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

रेणुकाचा फोन, सकाळी साडेसहाला! आवाज असा की रात्रभर झोपलीच नसावी. "आई, आपण उलटं बघून राहिलो. जावाला स्वतःचं बदलता येत नाही. पण जावा जो दुसरा प्रोग्राम सुरू करतो ना, त्याची शिदोरी जावाच बांधतो! प्रोसेसबिल्डर नावाचं आहे. त्याच्याकडं यादी असते, तिच्यात पायजे ते टाकता येतं. मग सुरू कर म्हणायचं."

म्हणजे आपलं नशीब आपल्याला बदलता येत नाही, पण आपल्या लेकराचं बदलता येतं, असंच की! मी तव्यासमोर उभी राहून हसत होते अन् डोळ्यांतून पाणी. नागसेन म्हणाले, "धूर झाला का?" गॅसवर कुठला धूर!

तो जुनाट प्रोग्राम आता विंडोजनं नाही, आमच्या जावानं सुरू करायचा. बटण दाबलं की जुनं लेकरू थांबवायचं, नव्याच्या फडक्यात 'नवा' बांधायचं, अन् पाठवायचं. दिवसभर लातूरला ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले, पोरीनं शिकवलं म्हणून. शेजारच्या केवळाबाईला सांगितलं, बसच्या कंडक्टरला सांगितलं. त्याला जावा ही मोटारसायकल वाटली. असू दे.

५ ऑक्टोबर, शनिवार

बटण झालं. लॅपटॉपवर 'नवा काटा' दाबलं, जुनाट प्रोग्राम उठला अन् म्हणाला – नवा. सहा वेळा दाबलं, सहा वेळा नवा! सर म्हणाले, "गुरुवारी उदगीरला बसवून या."

१० ऑक्टोबर, गुरुवार

उदगीर. बसवून आले.

मिलचा कॉम्प्युटर महांतेश सांभाळतो. बिदरकडचा गडी, मराठी बोलता बोलता मधेच कानडीत घुसतो. "बर्री म्याडम, बर्री," – या, या – म्हणत खुर्ची पुसून दिली. सरजाबाई सत्तरीच्या, डाळीच्या पिठानं पांढरी झालेली मिल एकट्या चालवतात. कपाळ भरून कुंकू, हातात मोबाईल. मला म्हणाल्या, "तूच का ती? मला वाटलं पोरगी येईल." मी म्हणलं, पोरगी नांदेडला आहे, तिची आई आली. हसल्या.

'जुना काटा' दाबला, वजन आलं. नव्या काट्याची वायर साफसफाईसाठी काढून ठेवली होती, महांतेश म्हणाला उद्या जोडतो. दसऱ्याला सकाळी सातला हंगामाचा पहिला ट्रक नव्या काट्यावरून जाणार. मुहूर्ताचं पोतं!

चहा, वर डाळीचं एक पाकीट. पाकीट नको म्हणलं तर सरजाबाई म्हणाल्या, "माझ्या दारातनं रिकाम्या हातानं जायचं न्हाई." घेतलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

काय दिवस गेला! सगळं लिहिते.

सकाळी आठला अहमदपूरच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघून राहिले होते. महांतेशचा फोन. "म्याडम, नवा काटा जोडला, बटण दाबलं, वजन शून्य. पन्नास किलोचं पोतं ठेवलं, शून्य!" लातूरची गाडी लागली होती, ती सोडून उदगीरच्या गाडीत चढले.

गाडीतच लॅपटॉप मांडीवर उघडला. दहाएक किलोमीटरवर दिसलं अन् स्वतःच्या कानाखाली मारावी वाटली. दोन ओळी उलट्या! आधी 'सुरू कर' म्हणलंय, मग शिदोरीत 'नवा' टाकलंय. लेकरू गेलं गावाला अन् मी दारात डबा घेऊन उभी! मग माझ्या लॅपटॉपवर कसं चाललं? तर चोवीस तारखेला रागाच्या भरात विंडोजमध्ये 'नवा' लिहून ठेवलं होतं, तेच त्याला आयतं मिळत होतं. ते पुसायचं विसरले. अन् तपासताना सहाच्या सहा वेळा 'नवा'च दाबलं, एकदाबी 'जुना' नाही. एकोणीस वर्षं पोरांना 'तपासून बघा, तपासून बघा' म्हणून ओरडणारी बाई ती हीच!

सरांना तिथूनच फोन केला. लपवून काय करायचं? "सर, चूक माझी आहे. दोन ओळी उलट्या पडल्या. जाऊन नीट करते." ते नुसतं "बरं" म्हणाले. बरं! त्या 'बरं'नं उदगीरपर्यंत जीव खाल्ला.

मिलमध्ये पोचले तर खंडेनवमीची पूजा झालेली! काट्याला हार, मोटारीला हार, मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदीकुंकू. मी पुढं झाले तशा सरजाबाई म्हणाल्या, "थांब बाई. पूजेला बसलेल्या मशीनला आज हात लावायचा न्हाई. माझ्या सासूच्या काळापासून हाय." महांतेशनं तर कॉम्प्युटर चालूच ठेवला होता. "बंद मशीनची पूजा कशी करायची, म्याडम?"

मग उद्या? उद्या सातला ट्रक. आणि उद्या आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी विहारात जायचं, पांढरं लुगडं इस्त्री करून ठेवलंय. सरळ सांगून टाकलं त्यांना – आजी, उद्या मी येणार नाही, उद्या माझा सण आहे. बोलले अन् वाटलं, गेली नोकरी.

सरजाबाई म्हणाल्या, "तुझ्या सणाला तुला बोलावणारी मी कोण? आज काय करायचं ते सांग. मशीन बंद करावं लागतंय का?"

"नाही. मशीन चालूच राहतं. आतला प्रोग्राम थांबतो अन् नवा जन्मतो."

"जन्मतो?"

"जन्मतो."

सरजाबाई म्हणाल्या, "खंडेनवमीला गोठ्यात गाय व्याली तर का थांब म्हणतोत तिला? महांतेश, हार वर धर. काढायचा न्हाई. नुसता धर."

महांतेशनं दोन्ही हातांनी हार वर धरला अन् मी त्याच्या खाली वाकून टायपिंग! बोटं हळदीनं पिवळी. कीबोर्डवर झेंडूच्या पाकळ्या पडून राहिल्यात. "यप्पा, लवकर करा म्याडम, हात भरून आले!" नवी फाईल टाकली, बटण दाबलं. सरजाबाई स्वतः काट्यावर चढल्या. एकसष्ट किलो दोनशे! जुनं दाबून बघितलं, नवं दाबून बघितलं, परत जुनं, परत नवं. दर वेळी बरोबर. सरजाबाई उतरल्या अन् महांतेशला म्हणाल्या, "आकडा कुणाला सांगू नको."

हसून हसून पोट दुखलं. घरी यायला आठ वाजले.

१२ ऑक्टोबर, शनिवार

विहारात गर्दी, खिरीचं वाटप. वंदना चालू असताना फोन थरथरला. बाहेर येऊन बघितलं – ट्रकचा फोटो, पहिल्या पोत्यावर वजनाचं लेबल. खाली महांतेशनं लिहिलंय, "आयतु म्याडम. जय भीम." आयतु म्हणजे झालं. परत जाऊन बसले. आज कुणाला काही मागायचं राहिलंच नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

कायम!!

कागद हातात आहे. सर म्हणाले, "बटण कुणीबी केलं असतं. पण चूक झाल्यावर उदगीरच्या रस्त्यावरून फोन कुणी केला नसता. मी पहिल्या वर्षी माझ्या सगळ्या चुका लपवल्या होत्या, मॅडम." थँक्यू सर म्हणायचं तर माझ्या तोंडून थँक्यू पोरा निघालं!

नागसेननं कागद दोनदा वाचला, शिक्का बघितला, घडी घालून कपाटात ठेवला. झाली यांची खात्री. रेणुकाला फोन केला तर ती रडायलाच लागली. एवढं काय रडायचं गं, म्हणलं. म्हणाली, "तू खूश आहेस ना? मग शुक्रवारी एक सांगते."

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

रेणुकाचा जावाचा विषय राहिलाय. एकदा नाही, दोनदा नापास. मंगळवारी तिसऱ्यांदा पेपर.

"तुझं कायम होईस्तोवर सांगायचं नव्हतं आई. तू सगळ्यांना सांगत होतीस, पोरगी शिकवते म्हणून. तू प्रश्न विचारलास की मी तेव्हा पुस्तक उघडत होते. तू समजावून सांगितलेलं मला कळत होतं. पुस्तकाचं अजून कळत नाही."

रागावणार होते. रागावलेच नाही.

सरांकडं रजेचा अर्ज दिला, सोमवार-मंगळवार. कायम झाल्यावरचा पहिला अर्ज. कारण काय लिहू, विचारलं त्यांनी. म्हणलं, लिहा – नांदेडला मुलीला जावा शिकवायला जायचंय.